पहिलं गिऱ्हाईक कडक हवं

नव्या उद्योगाला मार्केटिंग शिकवायला निघालेली मंडळी बहुधा बोधचिन्ह, चकचकीत पाकीट आणि इन्स्टाग्रामवरचं पान यांपासून सुरुवात करतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या गुळवेलीचा हिशेब वेगळंच सांगतो. इथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी ‘वनधन’ योजनेखाली गुळवेल गोळा करून विकायला घेतली आणि 2021 मध्ये औषध कंपन्यांकडून त्यांना 1 कोटी 57 लाखांची मागणी आल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. त्याआधीच्या दीड वर्षातली विक्री अधिक बोलकी आहे: कच्ची गुळवेल 12 लाख 40 हजारांची, भुकटी 6 लाख 10 हजारांची. या तरुणांनी संकेतस्थळही केलं होतं, मोठ्या दुकानसाखळ्यांकडेही त्यांचं लक्ष होतं. पण धंदा उभा राहिला तो प्रामुख्याने कच्च्या मालावर, आणि सुरुवातीला ते योग्यच झालं.

औषध कंपनी हे कडक गिऱ्हाईक असतं. माल ओला असेल, बुरशी धरली असेल, त्यात दुसरीच वेल मिसळली असेल, तर ती अख्खी गाडी परत पाठवते. प्रदर्शनातला शहरी ग्राहक मात्र आदिवासी भगिनींना हातभार म्हणून एक पाकीट घेतो, कौतुक करतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याच्या कौतुकातून मालातला दोष कधीच कळत नाही. वेलीचं खोड तोडायचं, तुकडे करायचे, आठ-दहा दिवस वाळवायचे. सांगायला एवढंच काम. पण शहापूर-मुरबाडच्या पावसात ते वाळवणं म्हणजे अर्धा धंदा. ओलावा किती चालतो आणि किती नाही, हे नाकारला गेलेला माल जितकं पक्कं शिकवतो तितकं कुठलंही प्रशिक्षण शिकवत नाही.

गुळवेलीच्या बाबतीत तर ओळख हाच विश्वास. 2021 मध्ये मुंबईतल्या काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा संबंध गुळवेलीशी जोडणारा शोधनिबंध आला, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली आणि वेल नेमकी ओळखली गेली होती का, असा प्रश्न केला. दिसायला सारखी असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असंही मंत्रालयाने नंतर बजावलं. वाद वैद्यकीय आहे, तो डॉक्टरांनी सोडवावा. विक्रेत्यापुरता धडा असा की पाकिटावर ‘शुद्ध’ छापल्याने काही सिद्ध होत नाही. कोणत्या पाड्यावरून माल आला, कुणी तोडला, कोणत्या तारखेला वाळत घातला, ही वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल ही त्याची खरी जाहिरात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. कच्चा माल विकला की नफ्याची मलई कंपनी खाते, आणि जंगलाची माहिती असणारा कातकरी पुन्हा मजूरच राहतो. कायम कच्चाच माल विकायचा असेल तर हे खरं आहे. पण भुकटीसाठी यंत्र, परवाना, पाकीट, वितरकाचं कमिशन आणि दुकानात पडून राहणारा साठा, एवढ्यांत पैसा अडकतो. मालाच्या दर्जाची खात्री नसताना तो अडकवणं हा जुगार. ठरलेल्या मागणीतून पैसा खेळता राहिला आणि माल वारंवार तपासणीला उतरला, की भुकटीकडे जाण्यात हशील आहे. दुसरा आक्षेप: ही सगळी कोरोनाची कृपा. काढ्याच्या त्या दिवसांत मागणी फुगली होती, यात शंका नाही. म्हणूनच एका वेलीवर विसंबणं धोक्याचं. पण लाट सगळ्यांसाठीच आली होती. तिच्यावर स्वार व्हायला तयार माल आणि खरेदीदाराशी आधीची ओळख लागते, ती या गटाकडे होती.

राहिला सरकारी टेकूचा मुद्दा. टेकू होता, आणि त्यात वावगं काही नाही. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘वनधन’ योजनेत साधारण 300 सभासदांच्या केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत मिळते. प्रश्न ती कशावर खर्च होते हा आहे. पाड्यावरची बाई भारा आणते तेव्हा तिला संध्याकाळी रोख लागते. नाही मिळाली तर ती गावच्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि तिला दोष देता येणार नाही. कंपनीचा पैसा मात्र सवडीने येतो. लघुउद्योगाचं देणं 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006 चा कायदा सांगतो. मधल्या त्या दीड महिन्यात नवा उद्योग मरतो, कितीही सुंदर बोधचिन्ह असलं तरी. तेव्हा आदिवासी विकास खात्याने आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीवाल्यांनी प्रदर्शनांतल्या स्टॉलचा खर्च थोडा आवरावा आणि तो पैसा खेळतं भांडवल, वाळवणासाठी पक्की छपरं आणि मालाची तपासणी यांकडे वळवावा.