काळी आई आणि धुऱ्यावरचे गोटे

रिसोडहून मेहकरच्या किंवा सेनगावच्या दिशेने निघाले की जमिनीचे दोन रंग दिसू लागतात. पैनगंगेच्या आणि नाल्यांच्या काठची जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. चढावर जावे तशी ती पातळ होत मुरमाड आणि बरड होत जाते. या चढावरच्या शेतांच्या धुऱ्यांवर गोट्यांचे ढीग असतात. वाटसरूला ते निसर्गाचेच काम वाटावे इतके जुने. पण एकही गोटा तिथे आपणहून गेलेला नाही. कोणीतरी वाकून तो उचलला आहे आणि धुऱ्यापर्यंत वाहून नेला आहे. आमच्या मते मराठीतील शेतीविषयक लेखनाने आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेने या ढिगाऱ्यांकडे पुरेसे पाहिलेले नाही.

शेतकरी म्हटला की त्याच्याकडे जमीन आहे, ती बापाकडून आली आहे आणि ती त्याची आई आहे, या तीन गोष्टी आपण गृहीत धरतो. 'काळी आई' हा शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील गृहीतक आपल्याला जाणवतही नाही. आई आपल्या आधीपासून असते. तिला आपण घडवत नाही. ज्याने पडीत माळ मोडून त्याचे शेत केले, त्याचे जमिनीशी असलेले नाते मात्र नेमके उलटे आहे. तिथे जमीन नंतर येते आणि माणूस आधी येतो. रूपक खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते वारसाने जमीन मिळालेल्यांचे आहे, एवढेच.

पडीत मोडणे म्हणजे नेमके काय, हे साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. प्रथम झुडपे जातात: बोर, बाभूळ, तरवड, रुई, घाणेरी. ती वरून तोडली तर पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतात, म्हणून कुदळीने आणि सब्बलीने बुडखे मुळासकट काढावे लागतात. पळसाचे मूळ तर वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. जमीन जरा काळी असली तर कुंदा आणि हरळी. कुंद्याच्या मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी तो पुन्हा पसरतो, म्हणून भर उन्हाळ्यात खोल खणून मुळ्या वर काढायच्या आणि उन्हात वाळवायच्या. मग गोटे. ते एकदा वेचून संपत नाहीत, दर वखरणीला खालून नवे वर येतात. हे वेचण्याचे आणि पुढे निंदणाचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. गवताने धरून ठेवलेली माती मोकळी झाली की पहिल्याच मोठ्या पावसात ती उताराने नाल्याकडे निघते. तेव्हा वेचलेले गोटे उताराला आडवे रचून ताल घालावी लागते. एवढे झाल्यावर पहिल्या वर्षी जे पीक येते ते मूग, मटकी किंवा तिळासारखे, हलक्या रानात तग धरणारे. पावसाने पंधरा दिवस उघाड दिली तर तेही माना टाकते.

याचा साधा हिशेब मांडून पाहावा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. कुदळीच्या एका घावात एक चौरस फूट जमीन निघते असे उदारपणे धरले, तरी एका एकराला ४३,५६० घाव पडतात. आणि मुरमात एका घावात एक चौरस फूट कधीच निघत नाही. हा आकडा आम्ही कणव उत्पन्न व्हावी म्हणून देत नाही. शब्दांचा अर्थ लावणाऱ्यांनी 'एकर' या शब्दाचाही अर्थ लावावा, एवढ्यासाठी देतो.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मधील (१९७१) नारबा मालकाच्या रानात राबतो आणि ट्रॅक्टर आल्यावर त्याचे जग उद्ध्वस्त होते. आमच्याच शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) वारसाने आलेली जमीन कशी हातातून निसटत जाते, हे दिसते. या कादंबऱ्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. मात्र दोन्हींत कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी रान तयार झालेले आहे. मराठी ग्रामीण कादंबरी प्रामुख्याने जमीन जाण्याची कादंबरी आहे. जमीन होण्याची कादंबरी आपल्याकडे अपवादानेच सापडते.

गंमत अशी की जमीन होण्याची एक कादंबरी मराठी वाचकाने अनुवादातून मनापासून आपली मानली आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग'चा (१९३८) राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, 'पाडस'. आपण ती हरणाच्या पिलाची गोष्ट म्हणून वाचली, रडलो, आणि विद्यार्थ्यांनाही तशीच वाचायला दिली. तिचा कणा मात्र शेतीचा आहे. फ्लोरिडाच्या झुडपी रानात एका कुटुंबाने मोडलेली थोडीशी जमीन, आणि त्या जमिनीवरचा मका. रान साफ करताना बुडखा उपटण्याच्या नादात बापाच्या अंगात काहीतरी तुटते आणि तो अंथरुणाला खिळतो. नेमके त्याच वेळी हरीण कोवळा मका खाते. ज्योडी पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो. हरीण तेही ओलांडते. त्यानंतरचा बापाचा निर्णय क्रूर वाटतो तो आपण मका विसरलेलो असतो म्हणून. वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागू नये. याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, आणि याच जिल्ह्यात सोयाबीन रोही, हरणे, रानडुकरे यांच्यापासून राखण्यासाठी माणसे रात्रभर जागली करतात. त्या विद्यार्थ्याला हरणाचे डोळेही ठाऊक असतात आणि सकाळी खुडलेले तासही. पण परीक्षेत तो फक्त डोळ्यांवर लिहितो, कारण आपण त्याला तेवढेच विचारतो.

याच्या दुसऱ्या टोकाला थोरो आहे. 'वॉल्डन'मध्ये त्याने सुमारे अडीच एकर घेवडा लावला आणि त्याचा हिशेब पैशापर्यंत मांडला, याचे आम्हाला कौतुकच आहे. पण ती जागा मित्राची, म्हणजे इमर्सनची होती. नांगरटीसाठी बैल आणि माणूस भाड्याने आणला होता. आणि दोन वर्षे दोन महिन्यांनी तो तिथून निघून आला. 'मातीकडे परत' जाण्याच्या साऱ्या साहित्याला, आजच्या शेतघरांच्या जाहिरातींसकट, हे निघून येणे उपलब्ध असते. चढावरच्या माणसाकडे परतीची वाट नसते.

आणि त्याच्याकडे बहुधा कागदही नसतो. येथे प्रश्न भाषेचा होतो, म्हणून तो आपला आहे. २० मे १८६२ रोजी अमेरिकेत होमस्टेड कायद्यावर लिंकनची सही झाली: पाच वर्षे राहा, जमीन कसा, १६० एकर तुमची. ती जमीन रिकामी नव्हती, तेथील मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हे खरे. पण मोडणाऱ्याला त्या कायद्याने मालक म्हटले. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असलेल्या वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली आणि इथलीही गवताळ राने नांगराखाली जाऊ लागली. जी उरली त्यातली पुष्कळशी सरकारदप्तरी चराईची म्हणून राहिली. आजही विदर्भात तिला 'ई-क्लास' म्हणतात. या जमिनीवर ज्या भूमिहीनांनी घाव घातले, त्यांच्या कामाला दप्तरात शब्द आहे 'अतिक्रमण', आणि त्याची जागा सातबाऱ्यावर नसून गाव नमुना एक-ई मध्ये आहे. कित्येक घरांत दंडाची पावती जपून ठेवलेली असते, कारण आपण जमीन कसत होतो याचा तोच एक सरकारी पुरावा असतो. शिक्षेचा कागद हाच हक्काचा कागद व्हावा, यापेक्षा मोठी उपरोधिका कोणत्या कथाकाराला सुचेल?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक दाखला येतो: शेत त्याचे, ज्याने त्यातले बुडखे काढले, हरीण त्याचे, ज्याचा बाण आधी लागला. पण तो जमिनीच्या न्यायासाठी आलेला नाही. स्त्रीला क्षेत्र कल्पून संतती कोणाची, हे ठरवण्यासाठी आला आहे. म्हणजे बुडखे काढणाऱ्याचा हक्क आपल्या परंपरेला ठाऊक होता. तो उपमेत वापरला गेला आणि ज्यांनी प्रत्यक्ष बुडखे काढले त्यांना नाकारला गेला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते हाच हक्क उपमेतून बाहेर काढण्यासाठी. पुढे १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. २००४ मध्ये गायकवाडांच्याच नावाने, अनुसूचित जातींच्या भूमिहीनांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची योजना आली. पण ती जमीन विकत घेऊन द्यायची, आणि विकणारा आपली चांगली जमीन आधी विकत नाही. मराठवाड्यात गायरानाचा लढा उभारणाऱ्या एकनाथ आवाडांचे 'जग बदल घालुनी घाव' हे आत्मकथन या प्रश्नाच्या आतून लिहिलेले आहे. आपण ते दलित आत्मकथनांच्या यादीत घालतो. शेतीविषयक लेखनाच्या यादीत ते का नसते?

यावर एक आक्षेप योग्य आहे. गायरान पडीत नसते, ते गुरांचे असते. मेंढपाळांचे, पशुपालकांचे गवत मोडूनच शेत होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी राखण्याचा आदेश दिला, तो निराधार नव्हता. भूमिहीनांना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्याच निकालात मान्य केला आहे. आम्हाला हा पेच सोडवता येत नाही. पण ज्या गावात काळ्या जमिनीची वाटणी कधी झालीच नाही, तिथे गुराख्याला आणि भूमिहीनाला एकाच बरड चढावर समोरासमोर उभे राहावे लागते. ही शोकांतिका आहे, आणि शोकांतिका वाचायला आपण शिकलेलो आहोत.

म्हणून आमची मागणी माफक आहे. मराठीच्या वर्गात शेतीची कविता किंवा कादंबरी शिकवताना एक प्रश्न वाढवावा: या शेतातले गोटे कोणी वेचले? संहितेत उत्तर नसेल तर तसे नोंदवावे. आणि रिसोडसारख्या गावांतील महाविद्यालयांत जी मुले-मुली मागच्या बाकांवर बसतात, त्यांच्यापैकी कोणाच्या आजीने ताल रचली असेल, तर त्यांना वखर, धुरा, कुंदा, निंदण, जागली हे शब्द प्रमाणभाषेत 'सुधारून' लिहायला न लावता जसेच्या तसे लिहू द्यावे. ती माणसे थकत चालली आहेत. धुऱ्यावरचे ढीग त्यांच्या मागेही राहतील, पण ते कोणी रचले हे सांगणारे कोणी उरणार नाही.