स्पीकर बंद करा, रिंगणात या

गणपती उठले की बालवाड्यांमध्ये दोन तयाऱ्या लागतात: भोंडल्याची आणि स्नेहसंमेलनाची. भोंडला एका दुपारी उरकतो. स्नेहसंमेलनाची तालीम मात्र महिना-महिना चालते. मोबाइलवर गाणं उतरवून घ्यायचं, चार वर्षांच्या मुलांना रांगेत उभं करायचं आणि तेच हातवारे घोकून घ्यायचे. मुलं मागे पडतात, रडकुंडीला येतात. ताईंचा घसा बसतो. शेवटी रंगमंचासमोर खाली ताई नाचतात आणि वर मुलं त्यांच्याकडे बघत हात हलवतात.

यात मुलांचं काहीही चुकत नाही. लहान मुलाची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. बाहेरून येणाऱ्या ठेक्याशी पाऊल जुळवणं त्याला पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत अवघडच जातं. स्पीकरमधलं गाणं तर कुणासाठी थांबत नाही. किर्श्नर आणि टोमासेलो या संशोधकांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना तीन प्रकारे ढोलकं वाजवायला दिलं: समोर वाजवणाऱ्या माणसाबरोबर, वाजवणाऱ्या यंत्राबरोबर आणि नुसत्या स्पीकरबरोबर. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस सोबतीला असताना तिन्ही वयोगटांचा ताल अधिक चांगला जमला. मुलाला ताल धरायला माणूस लागतो, हे आपण रोज पाहतोच. प्रयोगाने ते मोजून दाखवलं.

आपल्या परंपरेत हे आधीपासूनच आहे. भोंडल्यात गाणाऱ्याच फेर धरतात. पाटावरच्या हत्तीभोवती फिरताना कुणी धापा टाकू लागली की गाणंही आपोआप सावकाश होतं. लेझीम खेळणाऱ्याच्या हातातच त्याचं वाद्य असतं आणि समोर हलगीवाला खेळणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवत असतो. वारल्यांच्या तारपा नाचात वाजवणारा मध्ये असतो, एकमेकांच्या कमरेला हात घातलेली साखळी त्याच्याभोवती फिरते आणि सूर बदलला की पाऊल बदलतं. या कशातही संगीत रिंगणाबाहेर नाही. याच वारली मुलखात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये बोर्डीला चालवलेलं आपलं बालशिक्षणाचं काम नेलं आणि परिसरात मिळतं तेच शिकण्याचं साधन केलं. तारपा, हलगी, टिपऱ्या, भोंडल्याची गाणी हीदेखील परिसरातलीच साधनं आहेत.

म्हणून ताईंना आमचं सांगणं एवढंच, की स्वतः गा. आवाज गोड नसला तरी चालेल. टाळ्या वाजवा, डफ घ्या, नाहीतर डबा घ्या. सुरुवात मुलांच्या चालण्यापासून करा: मुलं चालतील तसा ठेका धरा, मग हळूच तो संथ करा, जलद करा, एकदम थांबवा. थांबल्यावर थिजून उभं राहण्यात तीन वर्षांच्या मुलाला जेवढी मजा येते तेवढी कुठल्याही स्टेपमध्ये येत नाही. तीन-साडेतीनच्या मुलांना चालणं, डोलणं, दोन्ही पायांनी उडी आणि टाळी पुरे. एका पायावर लंगडी चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागते. समोरच्याच्या टिपरीवर टिपरी देणं पाच वर्षांच्या पुढेच आणावं, आणि तेही आधी बसून. उभी फुगडी तर लहान गटात नकोच. एका हाताला धरून मुलाला गरगर फिरवणंही टाळा, कारण पाच वर्षांखालच्या मुलाच्या कोपरातलं हाड अशा हिसक्याने सहज निसटतं.

भोंडल्याची एक रीत शिक्षिकेने जरूर उचलावी. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढत जातं. जुनं रोज घोळलं जातं, नवं एकच येतं. लहान मुलांना शिकवायचा याहून चांगला क्रम मला माहीत नाही. एका दुपारच्या कार्यक्रमात नेमकी हीच रीत हरवते. गाण्यांमध्ये सासुरवासही पुष्कळ आहे. ती गाणी मोठेपणी समजून घ्यावीत. बालवाडीसाठी साखळीची, मोजण्याची, गमतीची गाणी निवडा. जुन्या चालीत स्वच्छतेचे संदेश मात्र कोंबू नका. आणि फेरात मुलगेही हवेत, खिरापत ओळखायलाही.

पालकांना कार्यक्रम हवाच असतो, हे खरं. मग त्यांना प्रेक्षक न करता फेरात घ्या. आजी-आजोबांना आधी बोलवा. विदर्भ-खानदेशात भुलाबाईची, गोव्यात फुगडीची, कोकणात जाखडीची गाणी ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं अजून वस्तीवर भेटतात, आणि ती फुकट शिकवतात.

या घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज दहा मिनिटं फेर धरून पाहा. तुमच्या गावातलं, लहान मुलांना झेपणारं एखादं गाणं, त्याच्या हालचालींसह, आम्हाला लिहून पाठवा. दिवाळीनंतरच्या अंकात ती गाणी छापू.