बिनदुरुस्तीचा हौदा

जामीनदाराची सही मागायला आलेला माणूस निदान चहा तरी आपल्याला बाहेर पाजतो. मेव्हणा मात्र सही मागतो आणि चहाही आपल्याच घरचा पितो, वर बहिणीला म्हणतो, "ताई, साखर कमी पडली."

2024 सालच्या मे महिन्यात आमच्या हिचे धाकटे बंधू केज तालुक्यातून आले, तेव्हा त्यांच्या हातात दरवर्षीची आंब्यांची पाटी नव्हती. एक चकचकीत रंगीत पुस्तिका होती. त्याच क्षणी मी ओळखले, की हा खर्च माझ्या दिशेने चालत येत आहे.

"दाजी, टेम्पोच्या हौद्याला कॉम्पोझिट टाकायचं ठरवलंय."

आता हा शब्द मला नवा नव्हता. बँकेत आम्ही तो कर्जाला लावतो आणि दंतवैद्य तो दाढेला लावतो. दोन्हीकडे काम एकच, भोक बुजवण्याचे. परंतु मेव्हण्याच्या हौद्याला भोक नव्हतेच! टेम्पो म्हणजे जुना चारशेसात, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. त्याच्या तळाला बाभळीच्या फळ्या. ही बाभूळ आमच्या सासऱ्यांनी स्वतःच्या बांधावरची पाडली होती. ओंडके पावसाळाभर विहिरीजवळच्या डबक्यात बुडवून ठेवले, कारण भिजवून मुरवलेल्या बाभळीला किडा लवकर लागत नाही. मग गावच्या सुतारमामांनी फळ्या काढल्या आणि बोल्ट मारून ठोकल्या. त्या फळ्यांनी कापूस पाहिला, कांदा पाहिला, बालाघाटातली सीताफळे पाहिली आणि आमच्या लग्नाचे वऱ्हाडही पाहिले. शेवटचा माल तेवढा परत घेतला गेला नाही.

"पण त्या फळ्यांना झालंय काय?" मी विचारले.

"झालं काही नाही. पण दाजी, हे मेन्टेनन्स-फ्री आहे!"

वाचकहो, माझे भांडण आहे ते या शब्दाशी. ज्या वस्तूची दुरुस्ती करता येत नाही, तिला दुरुस्तीची गरजच नाही असे सांगण्याची ही नवी रीत आहे. आमच्या मिक्सरचे भांडे मेन्टेनन्स-फ्री होते, म्हणून ते बिघडल्यावर नवे घ्यावे लागले. पंखा तसाच, कुकरची मूठ तशीच. जुन्या फळीला मेन्टेनन्स होता म्हणजे काय होते? वर्षातून एकदा गॅरेजमधले काळे ऑइल आणून ब्रशने फासायचे, सैल झालेला बोल्ट आवळायचा आणि एखादी फळी कुजली तर तेवढी एकच बदलायची. हा मेन्टेनन्स करायला सुतारमामा येत, ओट्यावर बसत, चहा पीत, गावातली चार लग्ने जुळवीत आणि दोन मोडीत. पुस्तिकेत या सगळ्याला "कटकट" म्हटले होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माहिती काढल्याशिवाय सही करीत नाही, आणि माहिती काढल्यावरही करावीच लागते हा भाग वेगळा. तर हे कॉम्पोझिट म्हणजे काय? लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून, दाबून काढलेली फळी! लहानपणी आमच्याकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून पोते भरून भुसा यायचा, डब्यात ठासून भरायचा आणि त्यावर वरणभात शिजायचा. त्याच भुशाला आता दहा वर्षांची गॅरंटी लागली आहे. आणि नवे म्हणावे, तर तेही खरे नाही. 1907 साली बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बेकलाइट काढले, त्यातसुद्धा भर म्हणून लाकडाचा भुसाच घालीत. आपल्या आजोबांच्या रेडिओचे खोके आणि भिंतीवरची काळी बटणे त्याचीच. म्हणजे भुसा आणि कृत्रिम राळ यांचा संसार शंभर वर्षांहून जुना आहे. पण आजोबांनी रेडिओवर कधी बैल चढवला नव्हता.

कारण मूळ मुद्दा तोच आहे. या फळ्या जन्मल्या अमेरिकेतल्या घरांमागच्या अंगणासाठी. तिथे त्यांच्याखाली साधारण हातभर अंतरावर आडवे वासे असतात आणि वर चार खुर्च्या, एक टेबल आणि रविवारची दोन जाड माणसे. ओझे संपले. सारख्याच जाडीची लाकडी फळी आणि ही फळी यांत ही जास्त वाकते, शिवाय वजनाला जड. उन्हात ती वाढते, म्हणून बसवताना फटी सोडाव्या लागतात. ऊन चढले की ती तापते आणि तापली की आणखी नरम पडते. आणि आमच्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. माणूससुद्धा नरम पडतो, तिथे प्लॅस्टिकची काय कथा!

न्यायाने बोलायचे तर लाकूडही काही संत नाही. पावसाळ्यात फुगते, कुजते, वाळवी लागते, कुसळ पायात जाते. कॉम्पोझिटला वाळवी सहसा लागत नाही, पाण्याचेही फारसे भय नाही. ज्याने घरामागे सज्जा बांधला, त्याने ते खुशाल वापरावे. मी आडवा येणार नाही. माझे म्हणणे एवढेच होते, की चांगली फळी काढून तिच्या जागी महाग फळी टाकणे याला सुधारणा म्हणत नाहीत, खरेदी म्हणतात.

हे सारे मी मेव्हण्याला पाऊण तास समजावले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "दाजी, पेन देऊ का?"

आतून हिचा आवाज आला, "करा की सही. तुमच्या फळीवर का चालत नाही त्याचं दुकान?" हे वाक्य मला आजतागायत कळलेले नाही, पण सही त्यावरच झाली.

संभाजीनगरहून माल आला, दोन मिस्त्री आले. त्यांनी जुने वासे तसेच ठेवले, कारण वासे वाढवायचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते. हौदा अगदी हॉटेलासारखा दिसू लागला. मेव्हणा चप्पल काढून त्यात चढू लागला. सुतारमामांना मात्र कोणी बोलावले नाही. ते लांबून पाहून गेले आणि एवढेच म्हणाले, "चांगलं हाय. ठोकलं तर वाजत नाही."

कांद्याच्या पहिल्याच हंगामात दोन वाशांच्या मध्ये फळ्यांना पोट आले. एका फळीला चीर गेली. एकच फळी मिळेना, आख्खा गठ्ठा घ्या म्हणाले, रंगही जुळेना. गॅरंटीकार्ड काढले, तर त्यात बारीक अक्षरांत "निवासी वापरासाठी" असे छापलेले. कांदा तिथे निवासाला नव्हता, त्यामुळे प्रश्न मिटला.

इथपर्यंत मी खूष होतो. आपले बरोबर ठरल्याचा आनंद हप्ता थकेपर्यंत टिकतो. पण पुढची गोष्ट घडली 2025 च्या पाडव्याच्या सुमाराला. ऊसतोडीला गेलेली माणसे परत येत होती. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटा असला तर अर्धा. बँकेत मी तीस प्रकारची खाती पाहिली, पण बायकोशिवाय माणूस अर्धा, हा हिशेब फक्त तिथेच. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस नावे पडतो.

मेव्हण्याच्या टेम्पोतून अशीच एक टोळी गावात उतरली. बायका, पोरे, भांडी, शेळ्या, कोंबड्या, सगळे त्याच हौद्यात. रात्रभर नि अर्धा दिवस प्रवास. टेम्पोच्या कागदांवर "मालवाहू" लिहिलेले आहे. त्या प्रवासापुरती ही माणसे माल होती. दुपारच्या उन्हात नवी फळी इतकी तापली होती, की पोरांना वाकळेच्या दोन घड्या घालून बसवले होते. मी एका म्हातारीला सहानुभूतीने म्हणालो, "आजी, जुनी लाकडाची फळी बरी होती ना?"

ती शेळीची दोरी सोडवीत म्हणाली, "आमाला काय, बाबा. फळी कंची बी घाला, बसायचं तर तळालाच."

माझा सगळा युक्तिवाद तिथल्या तिथे रद्द झाला. वर्षभर मी फळी कोणती यावर भांडलो. तिच्यावर कोण बसते, हे मी विचारलेच नव्हते. भुशाच्या फळीला कर्ज मिळते. जामीनदार म्हणून माझ्यासारखा शहाणा माणूस सही करतो. आणि त्या फळीवर बसणाऱ्या म्हातारीला उचल मुकादमाकडूनच घ्यावी लागते, कारण तिला जामीन राहायला तिचा कोयताच काय तो असतो.

हिशेबाचा पहिला धडा असा, की जे येते ते नावे आणि जे जाते ते जमा. मेव्हण्याच्या खात्यावर हप्ते आले. सुतारमामांचा चहा गेला. म्हातारीच्या खात्यावर काय आले आणि काय गेले, हे लिहायला आमच्या खातेवहीत रकानाच नाही.

बाभळीच्या जुन्या फळ्या सरपणात जाणार होत्या. मी दोन मागून घेतल्या आणि सुतारमामांकडून बाक करून घेतला. त्याच बाकावर बसून हे लिहितो आहे. त्याचा एक पाय किंचित हलतो. मामा पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले आहेत. मेव्हणाही येतो म्हणाला आहे. या वेळी त्याच्याकडे अॅल्युमिनियमच्या पत्र्याची पुस्तिका आहे. मी पेन लपवून ठेवले आहे, पण ते कुठे आहे हे हिला माहीत आहे.