बादलीतली बिअर, मडक्यातला गुन्हा

घरी बिअर करण्याचा छंद आता आपल्या पोरांपर्यंतही पोहोचला आहे. नोकरीला लागलेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावणारी ही पिढी. मॉल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं कुरिअरने घरी येतं. बादली बाल्कनीत जाते, फोटो इन्स्टाग्रामवर जातो. मग आपल्यातलेच दोन गट एकमेकांवर तुटून पडतात. एक म्हणतो, बिअर म्हणजे काय दारू आहे का, आणि चवीची मक्तेदारी फक्त सवर्णांनीच घ्यायची का? दुसरा म्हणतो, दारूनेच समाज बुडवला, असल्यांना जयंतीच्या मंडळात उभं करू नका. आम्हाला या दोन्ही गटांशी भांडायचं आहे.

पहिल्या गटाचं आधी बघू. बिअर ही दारूच आहे. पंचशीलातल्या पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. विनयपिटकात त्यांचे अर्थ दिलेले आहेत. धान्यापासून, पिठापासून, भातापासून आंबवून केलेली ती सुरा. फुलं, फळं, मध, गूळ यांपासून केलेलं ते मेरय. म्हणजे तुमची मॉल्टची बिअर सुरेत बसते, आणि मोहाची किंवा गुळाची मेरयात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने ही पळवाट बुजवून ठेवली आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिथे बिअरला सूट नाही. ज्याला प्यायची आहे त्याने प्यावी, पण 'बिअर म्हणजे दारू नव्हे' हे धम्माच्या नावावर खपवू नये.

पण याच शीलात दुसऱ्या गटालाही उत्तर आहे. धान्याची आणि फुलाची, महागाची आणि स्वस्ताची, असा भेद शील करत नाही. शिवाय ते माणूस स्वतःहून घेतो. कुणी पोलीस पाठवून ते देत नाही. आपल्या राज्याचा कारभार बरोबर याच्या उलटा चालतो, आणि त्यावर आपण तोंड उघडत नाही.

बाल्कनीत नेमकं काय होतं ते पाहा. सातूला मोड आणून वाळवलेलं ते मॉल्ट. आपल्या घरात तान्ह्या बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आजी जे करते, त्याचाच हा मोठा भाऊ. ते भरडून 65 ते 67 अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचं. धान्यातल्या स्टार्चची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा, यीस्ट सोडायचं, झाकणाला एअरलॉक लावून दोनेक आठवडे ठेवायचं. मग प्रयोग सुरू होतात. कुणी कोकम घालतं, कुणी जांभूळ, कुणी नाचणी. ज्वारी घालायची तर ती आधी शिजवून घ्यावी लागते, कारण तिचा स्टार्च सातूच्या तापमानाला नीट फुटत नाही. यावर ही मंडळी तासन्‌तास चर्चा करतात, आणि चर्चा खरोखर अभ्यासू असते. यीस्ट नीट वाढावं म्हणून 'यीस्ट न्यूट्रिएंट'ची पुडी मिळते. तिच्यात बहुधा अमोनियम फॉस्फेट असतं, कारण यीस्टला नायट्रोजन लागतो.

आता वस्तीतली भट्टी पाहा. काळा गूळ, पाणी, नवसागर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तोही यीस्टला नायट्रोजनच देतो. प्रमाणाबाहेर घातला तर बाधतो, हे खरं. पण 'नवसागरासारखे विषारी रसायन' असं बातमीत छापताना त्या पुडीशी असलेलं त्याचं नातं कुणी सांगत नाही. बाल्कनीतल्या आंबणाऱ्या रसाला नाव आहे 'फर्मेंटेशन'. वस्तीतल्या आंबणाऱ्या रसाला पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव आहे 'कच्चे रसायन', आणि गडचिरोली-चंद्रपुरात 'मोहाचा सडवा'. प्रेसनोटचा शेवटही ठरलेला असतो, जागेवरच नष्ट केला.

यावर लगेच एक हरकत येते. बिअर गाळत नाहीत, हातभट्टी गाळतात, धोका त्यात आहे. ठीक. पण मग गोव्याची काजू फेणीही गाळलेलीच आहे. तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. आणि सडवा? तो तर अजून गाळलेलाही नसतो, तरी तो मातीत ओतला जातो आणि माणूस गाडीत बसवला जातो. राहिला विषारी दारूचा प्रश्न. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली. ती मिथेनॉलने मेली. मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन आहे, गुळाच्या मडक्यात ते माणूस मरेल इतकं आपोआप तयार होत नाही. ते बाहेरून आणून मिसळलं गेलं. जिथे कुणाचीच तपासणी नाही आणि सगळाच धंदा चोरीचा आहे, तिथे असं मिसळणाऱ्याचं फावतं. मेले कोण, ते त्या वस्तीत जाऊन विचारा.

कायद्याच्या कागदावर बादली आणि मडकं एकच आहेत. 1949 चा दारूबंदी अधिनियम परवान्याशिवाय कुठलंही मद्य तयार करायला मनाई करतो, आणि घरगुती बिअरला त्यात वेगळी सवलत नाही. त्यासाठीची भांडी आणि साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे बाल्कनीतला तो फोटो पुरावाच आहे. तरी तिथे धाड पडत नाही. पडावी असं आमचं म्हणणं नाही. आमचं म्हणणं एवढंच की धाड कुठे पडते हे कायदा ठरवत नाही, पत्ता ठरवतो. कंजारभाट वस्ती, पारधी पाल, आदिवासी पाडा, आपली झोपडपट्टी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांना 1952 मध्ये कागदावर मुक्त केलं गेलं. ठाण्यातल्या नोंदवहीने त्यांना मुक्त केलं का? 1981 च्या 'एमपीडीए' कायद्याचं नुसतं नाव वाचा. त्या नावातच झोपडपट्टी गुंडांच्या शेजारी 'हातभट्टीवाले' बसवले आहेत. त्या कायद्याखाली खटला न चालवता 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. हॉप्सवाल्यावर तो लागल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. आणि साध्या गुन्ह्यात जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणायचा? सातबारा नाही, घर नावावर नाही. पोर आत, आई ठाण्याच्या पायरीवर.

हे काही आज सुरू झालेलं नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रजांनी दारूचा धंदा ठेकेदारांच्या हाती दिला. पण मोहाचं झाड दारात आणि फूल फुकट, मग ठेकेदाराची दारू कोण घेणार? म्हणून 1892 मध्ये मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावरच बंधन घातलं. बंदी महसुलासाठी होती, नीती नंतर चिकटवली. आजही राज्य उत्पादन शुल्क विभाग एका हाताने देशी दारूच्या परवानाधारक दुकानातून महसूल घेतो आणि दुसऱ्या हाताने मडकी फोडतो. देशीचं अल्कोहोल ज्या मळीपासून होतं ती साखर कारखान्यांची. त्या कारखान्यांवर कोणत्या जातीची मंडळी बसली आहेत, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आपल्यातले दारूबंदीवाले लगेच घटनेच्या अनुच्छेद 47 चा दाखला देतात. मग संविधान सभेतली 24 नोव्हेंबर 1948 ची चर्चाही वाचा. जयपाल सिंग मुंडा उभे राहिले आणि म्हणाले की तांदळाची बिअर आमच्या धार्मिक विधीचा भाग आहे, भातलावणीच्या कष्टाचा भाग आहे. ही बिअर, म्हणजे झारखंडची हंडिया, बाया करतात. भात शिजवून गार करायचा आणि जडीबुटीची 'रानू' गोळी कुस्करून मिसळायची. स्टार्चची साखर करणं आणि साखर आंबवणं ही दोन्ही कामं ती एक गोळी करते, ज्यासाठी आपल्या बाल्कनीवाल्याला थर्मामीटर लागतो. बाबासाहेबांनी दारूबंदीची दुरुस्ती स्वीकारली, पण आदिवासी क्षेत्रांसाठी वेगळी तरतूद असल्याचं सभेला सांगितलं. सहाव्या अनुसूचीच्या 12 व्या परिच्छेदात ती आजही आहे. न गाळलेल्या मद्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा स्वायत्त जिल्हा परिषदेने म्हटल्याशिवाय तिथे लागू होत नाही. स्वतः दारूला न शिवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या मडक्याचा निर्णय दुसऱ्यावर सोपवला. आम्हाला यापेक्षा मोठा आंबेडकरी दाखला माहीत नाही.

दारूने संसार मोडलेल्या बायांचं काय, असं विचाराल. त्यांच्याच बाजूने आम्ही आहोत. आडवी बाटली करायला ज्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत आम्ही होतो. तो निर्णय त्यांनी मतदानाने घेतला. गावाने, बायांनी ठरवून केलेली बंदी आणि रात्री दोनला दार लाथेने उघडून केलेली बंदी यांत फरक आहे. नवऱ्याला मारझोड करायला लावणारी बाटली कित्येकदा सरकारमान्य दुकानातलीच असते, हेही त्याच बाया सांगतात.

महाराष्ट्रातला आदिवासी भाग पाचव्या अनुसूचीत येतो, म्हणून त्याला सहावीचं संरक्षण नाही. पण राज्याचा एखादा कायदा तिथे लागू न करण्याचा किंवा बदलून लागू करण्याचा अधिकार राज्यपालांना आहे, आणि 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांबाबतचा निर्णय ग्रामसभेकडे दिला आहे. तो वापरा. स्वतःच्या घरापुरत्या, न गाळलेल्या पेयाला ठरावीक मर्यादेपर्यंत गुन्ह्यातून वगळा, आणि ती मर्यादा बादलीला आणि मडक्याला एकच ठेवा. एमपीडीएच्या नावातून आणि कलमांतून 'हातभट्टीवाले' काढा. मिथेनॉल विकणाऱ्यावर आणि मिसळणाऱ्यावर काय ती कलमं लावा.

घरगुती बिअरला परवानगी द्या अशी मागणी आज ना उद्या पुढे येईलच, कारण ती करणाऱ्यांची पोहोच वरपर्यंत आहे. तिच्या निवेदनावर तुमचीही सही मागितली जाईल. सही करण्याआधी मजकूर वाचा. त्यात मॉल्टसोबत गूळ आणि मोह लिहिलेले आहेत का ते पाहा. नसतील तर पेन मागून घ्या, तिथेच लिहा, आणि मग बघा किती जण आपली सही खोडायला धावतात.

जय भीम.