‘यू आर हिअर’चा फोटो काढला कोणी?

आमच्या होस्टेलमध्ये बऱ्याच खोल्यांत एक पोस्टर दिसतं. काळ्या आकाशात निळसर-पांढरा भोवरा, त्याच्या एका फाट्यावर बाण आणि खाली ‘यू आर हिअर’. परवा रूममेटने विचारलं, "काय बे, हा फोटो काढला कोणी?" मी म्हटलं, "नासाने." तो म्हणाला, "कुठे उभं राहून?"

माझी बोलतीच बंद! मग शोधलं, तेव्हा कळलं की असा फोटो अस्तित्वातच नाही. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ इतक्या वर्षांत जेमतेम एक प्रकाश-दिवस लांब पोचलंय. बाहेर जाऊन फोटो काढणार कोण? ते चित्र आहे, चित्रकाराने काढलेलं.

पण ती थापही नाही. घराबाहेर पाऊल न टाकता घराचा नकाशा काढावा, तसं ते काम आहे. अडचण धुळीची. आकाशगंगेच्या पट्ट्यात दिसणारे काळे डाग म्हणजे रिकामी जागा नव्हे, ती मागचा प्रकाश अडवणारी धूळ. रेडिओ लहरी मात्र तिच्यातून आरपार येतात. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची लहर सोडतो. आपण फिजिक्सला घोकलेल्या डॉप्लरवरून तो वायू जवळ येतोय की लांब जातोय ते कळतं, आणि त्यातून भोवऱ्याच्या फाट्यांचा अंदाज बांधता येतो. गाया या अवकाश दुर्बिणीने २०१४ ते २०२५ या काळात जवळपास दोन अब्ज ताऱ्यांची नोंद केली. १२ मे २०२२ला केंद्रातल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली. त्याचं वस्तुमान चाळीस लाख सूर्यांएवढं. त्यातला नारिंगी रंग आपण दिलेला. रेडिओ लहरींना कुठला आलाय रंग?

आपण नागपूरकर झिरो माइलवरून छाती फुगवतो. या नकाशात मात्र आपण केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर. बर्डीत नाही, वाडीकडे कुठेतरी!

अशा लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आपल्याच राज्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटरची. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून बसवली. लहर लांब असेल तर बारीक भोकं चालतात. वजन कमी, वाऱ्याचा दाब कमी, खर्चही कमी. याला म्हणतात इंजिनिअरिंग.

आता माझं मत. मला ‘मिल्की वे’ शाळेपासून स्पेलिंगसकट पाठ आहे, पण वीस वर्षांचा झालो तरी आकाशगंगा डोळ्यांनी पाहिलेली नाही. होस्टेलच्या गच्चीवरून दिसतो तो फक्त पिवळट उजेड. ज्यांनी नकाशा काढला त्यांनी निदान आकाश तरी पाहिलं होतं. आपल्याकडे नुसतं पोस्टर!

नागपूरहून दोनेक तासांवर पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. तिथल्या गावांत दिवे काढून टाकले नाहीत, खाली तोंड करणारे बसवले. आपल्या कॅम्पसमध्येही तेच व्हावं. दिवे बंद करा असं मी म्हणत नाही. रात्री लायब्ररीतून परतणाऱ्या मुलींना रस्त्यावर उजेड हवाच. पण रस्त्यासाठी लावलेल्या दिव्याने आभाळ कशाला उजळायचं? एक झाकण बसवायला कितीसा खर्च येतो? इलेक्ट्रिकलवाल्यांनो, मिनी प्रोजेक्टला विषय मिळत नाही ना? घ्या.

आणि सरांना एक विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिटसारखी एप्रिलच्या अमावस्येला पेंचची एक ट्रिप काढा. मध्यरात्र उलटल्यावर धनू राशीकडे बघायचं, आकाशगंगेचं केंद्र त्या दिशेला आहे. पोस्टर राहू द्या भिंतीवर. फक्त त्याच्यावर बाण दाखवणाऱ्याने एकदा तरी वर बघितलेलं असावं.