खडक्याचे पाणी आणि पॅरिसचा करार

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात खडका बंधाऱ्यात अडवलेले गोदावरीचे पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. २०१५च्या पावसाळ्यात ते पुरेनासे झाले आणि जुलैत परळीचे सगळे संच थांबवावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसला हवामान करार झाला. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व पुण्याचे प्रकाश जावडेकर करत होते. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळवली त्यांनी आधी आणि जास्त भार उचलावा, ही भारताची मागणी होती. ती तेव्हाही न्याय्य होती, आजही आहे.

एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. माणशी हिशेब केला तर चित्र पार बदलते. भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड येतो, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आहे, अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. आपली सरासरी इतकी कमी आहे ती मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित घरांमुळे नव्हे. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी, गंगाखेड-पालमहून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे यांच्यामुळे ती खाली आहे. देश जगापुढे न्याय मागतो तो यांच्या जगण्याचा दाखला देऊन. म्हणून त्या न्यायातला पहिला हक्क यांचाच आहे, आणि तो दिल्ली व मुंबईनेही मानला पाहिजे.

पैशाचेच पाहा. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी परभणीत आलेली सर्वांत मोठी योजना म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावकऱ्यांच्या भाषेत ‘पोकरा’. तिच्यातून शेततळी झाली, ठिबक आले, शेडनेट उभे राहिले; उपयोग झाला हे नाकारता येणार नाही. पण २०१८मध्ये तिच्यासाठी जागतिक बँकेने दिलेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज आहे. ज्या धुरात आपल्या शेतकऱ्याचा वाटा नगण्य, त्याचा फटका आपण सोसायचा आणि सावरण्यासाठी कर्जही आपणच फेडायचे! बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ साली श्रीमंत देशांच्या पुढाकाराने विकसनशील देशांसाठी २०३५पर्यंत वर्षाला ३० हजार कोटी डॉलर उभे करण्याचे ठरले. गरज १ लाख ३० हजार कोटींची सांगितली जात होती. भारताने भर सभेत हरकत घेतली, ते योग्यच झाले.

मात्र तोच न्याय घरात लावायची वेळ आली तेव्हा काय घडले? २०२५च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयातला पीक विमा बंद केला. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे निकष गेले आणि सारे पीक कापणी प्रयोगावर येऊन थांबले. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, शेतांमधली मातीसुद्धा खरवडून गेली. हा निर्णय चुकीचा होता. ते निकष पूर्वीसारखे परत आणले पाहिजेत.

आता कोळशाकडे. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली कोळसा ‘बंद करण्या’ऐवजी ‘कमी करण्या’चा आग्रह भारताने धरला. २०२५च्या मध्यापर्यंत देशाच्या वीजक्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला असला, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक अजून कोळशातूनच येते. तेव्हा तो आग्रह समजण्यासारखा आहे. पण मराठवाड्यात प्रश्न धुराच्या बरोबरीने पाण्याचाही आहे. पॅरिसची परिषद चालू असतानाच, ७ डिसेंबर २०१५ रोजी, केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. परळीचे २५० मेगावॉटचे तीन संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले, तर या मर्यादेनेही ६ कोटी ३० लाख लिटर पाणी लागेल. सौर पॅनेलला धुण्यापुरते पाणी पुरते. मराठवाड्यातल्या गोदावरीवर कोळशाचा एकही नवा संच उभा राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परभणीच्या शेतकऱ्याला सौर वीज हवी आहे, कारण त्याला दिवसाची लाईट हवी आहे. आठवडाभर रात्रीची लाईन आली की बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत हरभऱ्याला पाणी द्यावे लागते. डीपी जळाली तर तेही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यभर १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट आहे. परभणीतली प्रत्येक कृषी वाहिनी तिच्यावर कधी येणार, याचे तालुकावार वेळापत्रक महावितरणने जाहीर करावे. आणि प्रकल्पांसाठी गायरान घेताना ग्रामसभेला विचारावे. त्या जमिनीवर भूमिहीनांची गुरे चरतात, अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ती कसत आली आहेत. हवामानाच्या नावाखाली त्यांनाच उठवले, तर पॅरिसला मागितलेल्या न्यायाचा परभणीत काय उपयोग?

परभणीचे कृषी विद्यापीठ मे १९७२मध्ये स्थापन झाले. पुढच्याच महिन्यात इंदिरा गांधींनी स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत गरिबी आणि पर्यावरण यांचे नाते जगापुढे मांडले. या विद्यापीठाकडे मराठवाड्याच्या पाऊस-तापमानाच्या आणि पिकांच्या अनेक दशकांच्या नोंदी आहेत. सोयाबीन, कापूस, तुरीचे बदलत्या हवामानाने किती नुकसान झाले, याचा तालुकावार अहवाल सरकारने त्यांच्याकडून तयार करून घ्यावा. २०२२मध्ये शर्म-अल-शेखला मान्य झालेल्या हानी-नुकसान निधीच्या चर्चेत भारताच्या प्रतिनिधींनी तो पुराव्यादाखल टेबलावर ठेवावा.