सही करण्याआधी सगळे सांगा : भरतीला निघालेल्या मुलांसाठी डिंडोलीकरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सुरत
मा. आयुक्त, सुरत महानगरपालिका
मा. भरती अधिकारी, सेना भरती कार्यालय, अहमदाबाद
जिल्हा रोजगार कार्यालय, सुरत
नवसारी लोकसभा मतदारसंघाचे मा. खासदार

महोदय,

डिंडोलीत पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे आपण पाहिली असतील. त्यांतल्या पुष्कळांचे आईबाप जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लूमच्या खात्यांत, डाइंग मिलमध्ये, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बारा-बारा तासांच्या पाळीला लागले. आपला मुलगा त्या पाळीतून सुटावा, अंगावर वर्दी चढावी, एवढेच ते मागतात. आम्ही त्याच मुलांचे पालक आहोत, आणि आमच्यात फौजेतून घरी आलेले जवानही आहेत. फौजेत जाऊ नका, असे आम्ही कोणाला सांगत नाही. मात्र जो जाईल त्याने काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे सही करण्याआधी पुरते समजून घेऊन जावे, असे आमचे म्हणणे आहे. आज तसे होत नाही. मुलाला माहिती मिळते ती अकॅडमीच्या बॅनरवरून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतून.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी मागणी ही : अग्निवीर भरतीच्या अटी मराठीत आणि गुजरातीत, एका कागदावर, आकड्यांसह छापून द्या. भरतीचे वय साडेसतराव्या वर्षी सुरू होते. अठरा पूर्ण नसतील तर कागदावर पालकाचीही सही लागते, आणि आमच्याकडे तो पालक चौथी-पाचवी मराठी शिकलेला असतो. इंग्रजी जाहिरातीतले त्याला काय कळणार?

त्या कागदावर काय असावे, तेही लिहून देतो. अग्निवीर ज्या अग्निपथ योजनेतून घेतले जातात ती जून 2022 मध्ये जाहीर झाली; तिच्यात नोकरी चार वर्षांची आहे आणि प्रशिक्षण त्यातच धरले आहे. पहिल्या वर्षी महिना 30,000 ठरले असले तरी हातात 21,000 येतात, उरलेले 9,000 सेवानिधीत जातात. चौथ्या वर्षी 40,000 पैकी 28,000 हातात येतात. जवानाच्या कपातीइतकीच रक्कम सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये करमुक्त मिळतात. इथपर्यंत बॅनरवरही असते. पुढचे नसते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे घरी आल्यावर कँटीन आणि फौजी दवाखाना नाही. जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होतील. त्यांना सेवानिधीतला फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचे व्याज मिळेल. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच घरी येणाऱ्यालाही सरकारचा वाटा मिळत नाही. एका घराने 11 लाखांच्या भरवशावर आधीच उसनवारी केली, मुलीच्या लग्नाची बोलणीही केली, असे आमच्या गल्लीत घडले आहे. त्या बापाच्या हातात असा कागद असता तर त्याने दहादा विचार केला असता.

प्रशिक्षणाबद्दलही खरे सांगावे. पहिले सहा-सात महिने मुलगा रिक्रूट असतो. पहाटे फॉल-इन, पीटी, ड्रिल, हत्यारांची शिकवण, फायरिंग, पाठीवर वजन घेऊन लांब पल्ल्याची दौड, आणि चुकले की उस्तादांचा, म्हणजे प्रशिक्षकांचा, रगडा. फोन मनात येईल तेव्हा मिळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत घरची आठवण आणि पायांचे दुखणे एकदमच येते. आमच्यातले निवृत्त जवान सांगतात की त्या काळात मुले मोडतात ती अंगातल्या ताकदीपेक्षा मनाने, कारण काय वाट्याला येणार हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ज्याला आधी कळले आहे तो तग धरतो आणि कसम परेडला छाती काढून उभा राहतो. मैदानी किंवा फायरिंगच्या चाचणीत मागे पडणाऱ्याला नंतरच्या तुकडीत टाकतात. म्हणजे हाकलले असा त्याचा अर्थ होत नाही, हे आईला आधीच माहीत असावे. जोखीमही लपवू नये. ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत तोफेच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले, त्यांतला एक गुजरातचा होता. वर्षातून दोनदा, सेवेतला किंवा नुकताच निवृत्त झालेला उस्ताद डिंडोलीत येऊन पालकांसमोर बसावा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, ही आमची मागणी आहे.

नेमणुकीचेही तसेच. आमची पोरे सरसकट ‘जीडी’चा फॉर्म भरतात. जनरल ड्यूटीखेरीज टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर आणि आठवी-दहावीवरचे ट्रेड्समन असे गट आहेत, आयटीआय झालेल्याला वेगळी संधी आहे, एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राला सवलत आहे, हे त्यांना वेळ निघून गेल्यावर कळते. कोणती रेजिमेंट किंवा कोणता ट्रेड मिळेल हे गुणांवर आणि रिकाम्या जागांवर ठरते. ‘अमुक ठिकाणी लावून देतो’ म्हणणारा दलाल खोटे बोलतो. हे वाक्य भरती कार्यालयाने आपल्या शिक्क्यानिशी डिंडोली पोलीस ठाण्याबाहेर आणि वॉर्ड कचेरीत लावावे. मूळ दाखले कोणत्याही क्लासने ठेवून घेऊ नयेत, हेही त्याच फलकावर असावे.

2023 पासून ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला आहे. पूर्वी धावण्यात पास झालेला मुलगा पेपरापर्यंत पोचत असे, आता पेपरात अडकलेल्याला मैदान दिसतच नाही. महापालिकेच्या मराठी शाळांत शिकलेल्या मुलांची गणित आणि सामान्य विज्ञानाची तयारी करून घेणारा एक विनामूल्य वर्ग संध्याकाळी महापालिकेच्याच शाळेत चालवावा. खोली रिकामी असते, शिकवायला आमच्यातले पदवीधर तयार आहेत. रोजगार कार्यालयाचा भरतीपूर्व निवासी वर्ग असतो, त्याची एक तुकडी डिंडोली-लिंबायत-उधना भागासाठी राखावी.

मैदानाबद्दल थोडक्यात : 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला 60 गुण, बीमवर दहा वेळा वर येणाऱ्याला 40 गुण. त्यासाठी 400 मीटरचा मातीचा ट्रॅक, दोन बीम, नऊ फुटांचा खड्डा आणि दिवे लागतात; ते महापालिकेने करून द्यावे. ट्रक-टेम्पोंच्या रस्त्यावर पोरांना पळावे लागू नये. मुलीही मिलिटरी पोलीस आणि गुजरात पोलिसांच्या लोकरक्षक भरतीची तयारी करतात, त्यांच्यासाठी पहाटेची वेळ राखीव असावी आणि तिथे महिला पोलीस असावी.

मुले सर्वांत जास्त खचतात ती वैद्यकीय तपासणीत. दोन वर्षे पळाल्यावर सपाट तळवे, रंग न ओळखता येणे किंवा हातावर चुकीच्या जागी गोंदवलेले नाव निघते आणि सगळे संपते. स्मीमेर रुग्णालय महापालिकेचेच आहे. तिथे तीन महिन्यांतून एक दिवस भरतीपूर्व तपासणी ठेवा. ज्याचे कायमचे कारण आहे त्याला ते पहिल्याच वर्षी कळेल आणि तो दुसरी वाट धरेल.

दाखल्यांचा प्रश्न आमच्यासारख्या स्थलांतरितांचाच आहे. मुलगा सुरतेत जन्मला आणि शिकला, पण बापाचे नाव अजून गावच्या मतदारयादीत. सुरत जिल्हा अहमदाबादच्या भरती कार्यालयाकडे, गाव महाराष्ट्रातल्या दुसऱ्याच कार्यालयाकडे. गुजरातच्या रहिवासी दाखल्यासाठी दहा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात आणि भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्यांकडे भाडेकरार नसतो. शाळेचा दाखला आणि निकालपत्रके हा वास्तव्याचा पुरावा मानावा, आणि मामलतदार कचेरीने अर्जाच्या हंगामाआधी डिंडोलीत शिबिर घ्यावे.

शेवटी चार वर्षांनंतरचे. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस आणि जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला गेली, म्हणजे तिची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरू लागतात. गुजरात सरकारने जुलै 2024 मध्ये सशस्त्र पोलीस आणि राज्य राखीव पोलीस (एसआरपी) भरतीत अग्निवीरांना प्राधान्य जाहीर केले. उत्तर प्रदेशाने 2025 मध्ये पोलीस भरतीत 20 टक्के जागा ठरवल्या. प्राधान्य म्हणजे किती जागा, हे गुजरातनेही आकड्यात सांगावे. आणि सेवेत मृत्यू आला तर घराला कायम जवानाइतकेच हक्क मिळावेत. बुलढाण्याचा अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनमध्ये सेवेत असताना मरण पावला. विमा, सानुग्रह रक्कम आणि उरलेल्या सेवेचे वेतन मिळून त्याच्या घरासाठी एक कोटीहून अधिक रुपये ठरले, पण आईबापांना पेन्शन नाही. अग्निवीर आणि कायम जवान एकाच चौकीवर पहारा देतात, मग त्यांच्या आयांमध्ये फरक का? खासदार महोदयांनी हा प्रश्न संसदेत मांडावा.

ट्रॅक, तपासणी आणि शिबिर या तिन्ही गोष्टी महापालिका आणि जिल्हा प्रशासनाच्या हातातल्या आहेत, त्यांना दिल्लीची परवानगी लागत नाही. माहितीचा कागद पुढच्या अर्जांच्या आधी आमच्या हातात द्यावा, तो घरोघर पोचवण्याचे काम आम्ही करू.

आपले,
डिंडोलीतील पालक, भरतीचे विद्यार्थी आणि निवृत्त जवान